नागावचे प्रभाकर बरवे



पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत पोरं लहानपणीच रंगकाम शिकतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना तिथल्या कारागिराचा हात हलत नाही. अशा मुलखात हातातल्या कसबाबद्दल मी काही सांगायला नको. कसब आल्यावर चित्रकार कुठे जातो, हा माझा आजचा विषय. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातला चित्रकार घेतला आहे.

प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले. १९५९ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली आणि पुढे ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. सुरुवातीच्या चित्रांवर चित्रकार पॉल क्लेची छाया होती. नोकरीने त्यांना बनारसला नेलं आणि तिथे तंत्रसाधनेतल्या चिन्हांनी त्यांना ओढून घेतलं. साठच्या दशकातल्या त्यांच्या कामात यंत्रांच्या आकृती आणि प्रतीकं दाटीने येतात. तंत्रकलेबद्दल तेव्हा परदेशातही मोठं कुतूहल होतं. बरवे त्याच वाटेवर राहिले असते, तरी त्यांचं नाव झालं असतं. सत्तरच्या दशकात त्यांनी ती वाट सोडली. हा निर्णय मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी वाटतो.

पुढच्या चित्रांत पान, घड्याळ, शिंपला, फळ अशा साध्या वस्तू आल्या. दारं-खिडक्यांना लावतात तो इनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. सपाट, गुळगुळीत, मोकळ्या पृष्ठभागावर एकेक वस्तू सुटी ठेवलेली असते आणि तिचं माप व्यवहारातल्या मापाशी जुळत नाही. डच चित्रकार पीट मोंड्रियान झाडं रंगवता रंगवता सरळ काळ्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढ्यावर येऊन पोचला. झाड मागे राहिलं. बरव्यांनी पान शेवटपर्यंत धरून ठेवलं, पानाभोवतीचा पसारा तेवढा काढून टाकला. दोघांच्या कामात गाळण्याची सारखीच शिस्त आहे, पण मला बरव्यांची वाट अधिक अवघड वाटते. ओळखीची वस्तू समोर ठेवून तिला अनोळखी करायचं, हे त्यांनी साधलं.

शिक्षकमित्रांनो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांसाठी आपण वस्तुचित्र शिकवतो. घडा, खोका, मागे फडकं, एका बाजूने उजेड. हे आलंच पाहिजे. पण दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेकडे बघ, असं आपण मुलाला कधी सांगतो का? बरवे आयुष्यभर त्या जागेचा विचार करत होते. तो विचार त्यांनी मराठीत लिहिला. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक १९९० मध्ये आलं. चित्र मनात कसं धरतं, वस्तूचा आकार कसा होतो, यावर इतकं स्वच्छ गद्य मराठीत फार थोडं आहे. साहित्यिकांनीही ते गद्य म्हणून वाचावं. ६ डिसेंबर १९९५ रोजी बरवे गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांच्या डायऱ्यांची पानंही होती.

माझी मागणी छोटी आहे. पेण, रोहा, अलिबाग तालुक्यांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात 'कोरा कॅनव्हास' असावं. नववीच्या चित्रकलेच्या तासाला त्यातली चार पानं मोठ्याने वाचा आणि मग मुलांच्या हातात कागद द्या. येत्या जूनपासून हे सुरू करा.