जॉबशीटवरची रिकामी ओळ

आवाज नीट येतोय ना? मागं कूलरचा घरघराट ऐकू येईल, त्याला इलाज नाही. मे महिन्यात परभणीत कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आजचा भाग लॅपटॉपच्या स्क्रीनवर आहे. म्हणजे तसा तो आमच्या घरातल्या एका भांडणावर आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, बी.टेक. केलेला, सहा वर्षं नोकरी. आणि तरीही एका कागदावर न वाचता सही करून बसलो. दिवसभर ‘आय ॲग्री’ दाबायची सवय, दुसरं काय.

सप्टेंबर २०२३ मध्ये बहिणीसाठी लॅपटॉप घेतला. ती बीसीएला. बेचाळीस हजाराचा. निम्मे माझे, निम्मे बाबांचे. बाबांचे पैसे म्हणजे कापसाचे, त्यामुळं त्या लॅपटॉपला घरात जरा जास्तच मान. आजी त्यावर रुमाल टाकून ठेवायची. पुढच्या मार्चमध्ये, वॉरंटी चालू असताना, स्क्रीनच्या उजव्या बाजूला उभ्या रेघा आल्या. आधी एक हिरवी, मग तिच्या शेजारी दोन-तीन. बहिणीनं व्हिडिओ काढून मला पाठवला, ‘दादा, हे बघ काय झालंय.’ तो व्हिडिओ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रेघा दिसल्या की घाबरायच्या आधी दोन गोष्टी करून बघायच्या. लॅपटॉप चालू होताना बायोसच्या मेनूत जायचं. तिथंही रेघा असतील तर विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा दोष नाही. मग एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडायचं. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर बहुधा ग्राफिक्सचा भागही ठीक, म्हणजे घोटाळा पॅनलमध्ये किंवा पॅनलकडं जाणाऱ्या केबलमध्ये. झाकण मागंपुढं हलवल्यावर रेघा येत-जात असतील तर केबलवर जास्त संशय. आमच्या रेघा जागच्या हलत नव्हत्या. माझा अंदाज असा, की काचेच्या कडेला ज्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, ज्यांच्यातून प्रत्येक उभ्या ओळीला सिग्नल जातो, त्यातली एखादी सुटली असावी. असं आपोआपही होऊ शकतं आणि दाबानंही होऊ शकतं. सगळं घोडं इथंच पेंड खातं.

कारण ही स्क्रीन म्हणजे प्रकरणच नाजूक. दोन पातळ काचा, मधे लिक्विड क्रिस्टलचा थर, मागं बॅकलाइट. लॅपटॉप जितका बारीक आणि हलका करायचा तितकं झाकणही बारीक, आणि झाकण बारीक झालं की ते वाकतं. आपण एका कोपऱ्याला धरून उघडतो, तेव्हा बिजागरी एकीकडं आणि हात दुसरीकडं, मधली काच पिळली जाते. सॅकमध्ये लॅपटॉपला चिकटून चार्जरचा ठोकळा, वरून डबा, आणि जिंतूर रोडवरचा ऑटो. कीबोर्डवर पेन राहिला, इअरफोन राहिला आणि झाकण बंद केलं, की संपलं. ॲपलनं २०२० मध्ये ग्राहकांना सांगितलं होतं की कॅमेऱ्यावर झाकणी लावून मॅकबुक बंद करू नका, स्क्रीन खराब होऊ शकते. लावायचीच असेल तर साध्या प्रिंटरच्या कागदाएवढी, ०.१ मिलिमीटरची. कागदाएवढी! आणि आपण त्यात अख्खी वही ठेवतो.

पण दर वेळी ग्राहकच दोषी असतो असंही नाही. २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये बॅकलाइटची केबल अशी बसवली होती की उघडझाक करून ती झिजायची. स्क्रीनच्या खालच्या बाजूला नाटकाच्या रंगमंचासारखे दिवे दिसायचे. लोकांनी आरडाओरडा केला, आयफिक्सिटवाल्यांनी जानेवारी २०१९ मध्ये मशीन उघडून कारण दाखवलं, आणि मे २०१९ मध्ये ॲपलनं त्या मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. त्याआधी किती जणांनी खिशातून पैसे भरले असतील, विचार करा.

तर आमची गोष्ट. आमच्या कंपनीचं नाव घेत नाही, विचारू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटर नांदेडला. म्हणायला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’, पण स्क्रीन दाखवायला नांदेड. मी सकाळच्या गाडीनं गेलो. काउंटरवर टोकन, अर्धा तास, मग एका पोरानं लॅपटॉप चालू केला, रेघा बघितल्या, ‘हो सर, पॅनल इश्यू, वॉरंटीत होऊन जाईल’ म्हणाला. प्रिंटरमधून जॉबशीट आली. मी सही केली. तक्रारीच्या जागी ‘लाइन्स ऑन डिस्प्ले’. वस्तूच्या स्थितीच्या जागी आधीपासून छापलेलं, ‘यूज्ड कंडिशन’. त्याखाली शेऱ्यासाठी एक ओळ होती. रिकामी.

तीन दिवसांनी फोन. ‘सर, तुमचं सीआयडी आहे.’ मला क्षणभर पोलीसच वाटले. सीआयडी म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. व्हॉट्सॲपवर फोटो आला. डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात नखाएवढा तडा. वॉरंटी रद्द, नवीन पॅनल जीएसटी धरून ११,८०० रुपये, नको असेल तर तसाच परत घेऊन जा.

मी चिडलो. तडा नव्हताच! बहिणीला विचारलं, ती म्हणाली नव्हता. आईला विचारलं, आई म्हणाली नव्हता. आजी म्हणाली, ‘मी रोज रुमाल टाकायले, मला दिसला नसता का?’ घरातले सगळे साक्षीदार आमच्या बाजूनं. मग मी बहिणीचा तो व्हिडिओ उघडला. रेघा उजव्या बाजूला, म्हणून तिनं कॅमेरा उजव्या बाजूला धरलेला. डावीकडचा खालचा कोपरा पूर्ण अठरा सेकंदांत एकदाही दिसत नाही. चार-पाच वेळा बघितला. नाही म्हणजे नाही.

बाबा म्हणाले, ‘कशाला भांडायलास, देऊन टाक पैसे.’ मी म्हणालो, चूक त्यांची आहे. बाबा म्हणाले, ‘तू गाडी खाली केलीस, मग काटा मागायलास.’ आता हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना लगेच कळेल. मानवतच्या बाजारात कापसाची गाडी नेली की आधी भरलेल्या गाडीचा काटा होतो, पावती मिळते, मग माल उतरतो, मग रिकाम्या गाडीचा काटा. पहिली पावती न घेता माल उतरवला तर वजन किती होतं यावर जन्मभर वाद घालत बसा. मला राग आला तेव्हा. बाबांचं बरोबर होतं, म्हणून जास्त आला.

तरी मी सोडलं नाही. पहिलं काम, नकार लेखी मागितला. फोनवरचं ‘सीआयडी’ काही कामाचं नाही. ईमेल केला की कोणत्या तपासणीवरून ठरवलं, तपासणी कुणी आणि कोणत्या तारखेला केली, आणि उजवीकडच्या रेघांचा डावीकडच्या तड्याशी संबंध काय, ते कळवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. दुसरं, १९१५ ला फोन. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवतात, नंबर देतात, कंपनीकडं पाठवतात. ती कोर्ट नाही, कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. पण कंपनीच्या आत ज्या माणसापर्यंत आपला ईमेल कधी पोचत नाही, त्याच्या टेबलावर तो कागद जातो, एवढं नक्की.

तिकडं बहिणीचे प्रॅक्टिकल तोंडावर आले होते. मी लॅपटॉप तसाच परत आणला आणि तिनं तो बैठकीतल्या टीव्हीला जोडला. दिवसभर टीव्हीवर जावा, आणि संध्याकाळी सातला आजीची मालिका. दोघींचा तह झाला होता. एकदा मालिकेच्या ऐन रंगात असाइनमेंट जमा करायची वेळ आली. त्या दिवशीची आजी मला अजून आठवते. शेजारच्या काकूंकडं जाऊन बघते म्हणाली, पण निघताना टीव्हीकडं असं बघितलं, की कंपनीचा माणूस समोर असता तर पॅनल फुकट देऊन गेला असता.

त्या दिवसांत रात्री बसून मी ग्राहक आयोगाची तक्रार लिहायला घेतली. कायदा बराच आपल्या बाजूचा आहे, हे आधी सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. जुन्या १९८६ च्या कायद्यात कंपनी जिथं आहे किंवा जिथं व्यवहार झाला तिथं जावं लागायचं. आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असू दे, तक्रार परभणीच्या जिल्हा आयोगात. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही, स्वतः मांडता येतं. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. तेव्हा ऑनलाइन तक्रारीसाठी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तपासणीची फी मात्र आधी आपल्याला भरायला लावू शकतात.

हे सगळं वाचून मला फार जोर आला होता. परिच्छेद एक, खरेदी, बिल जोडलं. परिच्छेद दोन, रेघा, व्हिडिओ जोडला. परिच्छेद तीन, ‘लॅपटॉप सेंटरमध्ये जमा करतेवेळी स्क्रीनला तडा नव्हता.’ इथं बोटं थांबली. जोडू काय? आजीचं प्रतिज्ञापत्र?

आयोगात बहुतेक काम शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालतं. आणि सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची असते. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. ते प्रकरण शेंगदाण्याचं होतं, गंमत बघा. निर्यातीच्या मालाची तपासणी आधी झालेली आणि पोचल्यावर दर्जा वेगळा निघाला, अशी तक्रार. मधल्या वेळेत माल कसा बदलला, हाच वाद. म्हणजे शेंगदाणा असो, कापूस असो की स्क्रीन, वस्तू हातातून सुटली तो क्षण कागदावर नसेल तर पुढचं अवघड.

आणि अजून एक गोष्ट सांगतो, जी मी घरी कबूल केली नव्हती. त्या दिवशी नांदेडला जाताना गाडीत गर्दी होती. सॅक मी पायाशी ठेवली होती. कुणाचा पाय लागला असेल का? मला माहीत नाही. तडा सेंटरमध्ये पडला असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काउंटरवरच्या पोरानं माझ्यासमोर स्क्रीन बघितली तेव्हा तो काही बोलला नाही, एवढंच मला ठाऊक आहे. तोही रेघाच बघत होता, मीही रेघाच बघत होतो.

एकोणीस दिवसांनी कंपनीचा ईमेल आला. चूक मान्य नाही, पण ‘सदिच्छा म्हणून’ पॅनल निम्म्या किमतीत, ५,९०० रुपये. मी म्हणालो, घ्यायचं नाही, आयोगात जाऊ. बाहेर आमचे एक भाई आहेत, वसमत रोडला दुकान, त्यांनी साडेचार हजारात दुसरं पॅनल बसवून देतो म्हणून सांगितलं होतं. पण बाहेर उघडलं की उरलेल्या वॉरंटीवर पुन्हा वाद होणार. लॅपटॉप बहिणीचा, म्हणून निर्णय तिच्यावर सोडला. तिनं ५,९०० भरले. माझा आजही आतून थोडा विरोध आहे. पण परीक्षा तिची होती, माझी नव्हती.

आता मी काय करतो ते सांगतो. घरून निघताना आणि पुन्हा काउंटरवर, असे दोन व्हिडिओ. पांढरा स्क्रीन, मग काळा स्क्रीन, चारही कोपरे, बिजागऱ्या, मागचं झाकण, खालचा सीरियल नंबर. स्क्रीन बंद करून तिरक्या उजेडात एकदा, कारण केसासारखा तडा चालू स्क्रीनवर कधी कधी दिसत नाही. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवायची. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आणि जॉबशीटवर सही करायच्या आधी ती शेऱ्याची ओळ भरून घ्यायची.

ते भरून देतात का? हे मला विचारू नका, बहिणीला विचारा. गेल्या जुलैमध्ये त्याच लॅपटॉपच्या कीबोर्डची तीन बटणं गेली. वॉरंटी अजून चालू होती. मी पुण्यात होतो, ती बाबांना घेऊन नांदेडला गेली. काउंटरवर म्हणाली, ‘स्क्रीन अखंड, तडा नाही, असं लिहा.’ तो म्हणाला, ‘मॅडम, तक्रार कीबोर्डची आहे, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.’ ती म्हणाली, ‘सिस्टीममध्ये नसेल तर पेनानं लिहा.’ मागं लाइन लागली, लोक कुरकुरायला लागले, बाबा तिच्या शेजारी गप उभे. शेवटी त्यानं पेनानं लिहिलं. तिनं शिक्का मागितला. तोही मिळाला.

रात्री बाबांचा फोन आला, कीबोर्डचं काय झालं ते सांगायला. पण सांगितलं सगळं शिक्क्याचंच. दोनदा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या जॉबशीटवर काय छापलेलं असतं त्याचा फोटो मला पाठवा, त्यातल्या वाक्यांवर एक भाग करायचाय. नाव आणि नंबर झाकून पाठवा, बरं का.