कुत्र्याचें हास्य



करी रोडच्या गल्ल्यांतून कुत्र्याला फिरावयास नेणाऱ्याच्या हातीं आतां कॅमेरा असतोच. तोंड उघडें, जीभ बाहेर, ओठांचे कोपरे मागें, 'हंसला!' म्हणून लागलीच छायाचित्र टिपलें जातें. पण हें हास्यच असतें काय?

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून तो अंगांतील उष्णता बाहेर घालवितो. वैशाखांतल्या तापलेल्या रस्त्यावरील तें 'हास्य' ही पाण्याची मागणीहि असूं शकेल. डार्विननें १८७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भावदर्शनावरील ग्रंथांत, आनंदलेला कुत्रा दांत दाखवितो असें नमूद केलें आहे. परंतु वरचा ओठ गुरगुरतांनाहि तसाच मागें जातो, हेंहि त्यानें सांगितलें आहे.

तेव्हां केवळ मुखावर विसंबूं नये. नजर शांत, अंग सैल आणि शेपूट मोकळेपणानें हलत असेल, तर आनंद मानावा. अंग ताठरलें असेल, किंवा धाप थांबतच नसेल, तर कॅमेरा खिशांत घालून सावली गांठावी.

छायाचित्र कोंवळ्या उन्हांत, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून घ्यावें. घरांतील मुलांनाहि हें वाचन शिकवावें; मुक्या सोबत्याची तक्रार हास्य समजून टिपली जाऊं नये, एवढेंच मागणें.