सवलत आणि हक्क : हातसंगणकाच्या एका खाचेची गोष्ट



कामगार चळवळीत उभी हयात घालवलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आम्ही अभियंते नव्हेत. कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. जे काही शिकलो ते पुस्तके चाळून, यंत्रे उघडून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून. परंतु ज्या वस्तूवर माणसाचे काम अवलंबून असते, ती वस्तू कशी चालते, ती वाढवता येते की नाही आणि ते ठरवतो कोण, हे तीन प्रश्न कामगाराचेच आहेत. मागावरच्या विणकराला ते पडत होते. आज हातात मोबाइल घेऊन घरोघर फिरणाऱ्या बाईलाही ते पडतात. मोबाइल हा हातात मावणारा संगणकच होय. त्याचा साठा आणि बिनतारी संपर्क कसकसा वाढवला गेला, आणि ती वाढवण्याची सोय पुढे कशी आटत गेली, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. संगणकात जागा दोन प्रकारची असते. चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. खाली जमीन असते. तिच्यावर चूल मांडायची, पाट मांडायचा, अंथरूण घालायचे. वर माळा असतो. तेथे ट्रंका, पिंपे, दिवाळीचा कंदील. संगणकाची रॅम म्हणजे ही जमीन. चालू काम तिच्यावर होते. मेमरी कार्ड म्हणजे माळा. तेथे सामान राहते. माळा कितीही मोठा बांधला तरी खालची जमीन वीतभरही रुंद होत नाही. हे ध्यानात ठेवावे. पुढे ह्याचे काम पडणार आहे.

१९९६ साली अमेरिकेत पायलट नावाचा हातसंगणक बाजारात आला. त्याच्या सर्वांत लहान नमुन्यात १२८ किलोबाइट जागा होती. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा फोटोसुद्धा तीत मावणार नाही. परंतु पत्ते, भेटीच्या वेळा आणि टिपणे ह्यांना ती पुरे. त्या यंत्राला माळा नव्हताच. चालू काम आणि साठवण, दोन्ही जमिनीवरच. आणि ही जमीन विजेवर जगणारी. घटातली वीज संपली आणि वेळीच नवे घट घातले नाहीत, की सगळे पुसले जाई. म्हणून मेजावरच्या संगणकाशी ते वरचेवर जोडून त्याची नक्कल ठेवावी लागे.

२००० साली कॉम्पॅक कंपनीचा आयपॅक आला. त्यात ३२ मेगाबाइट रॅम होती, पण खोली एकच. ती खोली मध्ये पडदा लावून वाटून घ्यावी तशी वाटलेली असे : इकडे कामाची जागा, तिकडे साठ्याची. पडद्यावरची एक लहानशी खूण सरकवून हा पडदा इकडेतिकडे नेता येई. साठा वाढवला की कामाला जागा कमी. काम वाढवले की साठ्याला कमी. चाळीत संसार केलेल्यांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. अशा यंत्राला बाहेरून कार्ड जोडले की सामान वर जाई, जमीन मोकळी होई, आणि वीज गेली तरी कार्डावरचे जसेच्या तसे राही.

वीज गेल्यावरही कार्डाला आठवण राहते ती कशी? त्यात फ्लॅश नावाची स्मृती असते. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्याभोवती विद्युतरोधक भिंत असते. जोर लावून विद्युत्कण एकदा आत ढकलले की ते तेथे वर्षानुवर्षे अडकून राहतात. कप्पा भरलेला की रिकामा, ह्यावरून अक्षर ओळखायचे. जपानच्या तोशिबा कंपनीत नोकरीला असलेल्या फुजिओ मासुओका ह्यांनी ही कल्पना १९८४ साली जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा अधिक स्वस्त प्रकारही पुढे आणला. त्या शोधावर जगभर अफाट व्यापार उभा राहिला. आपल्या वाट्यासाठी मासुओकांना मात्र २००४ साली आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. दावा १०० कोटी येनचा होता. २००६ साली तडजोड झाली ८ कोटी ७० लाख येनवर. आपल्या खिशातल्या कार्डामागे एका नोकरदाराचा हा झगडा उभा आहे, ह्याचे स्मरण असू द्यावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कार्ड बसवायचे तर यंत्राला एक खाच हवी; बाजारात तिला स्लॉट म्हणतात. दिसायला ती एक फट. पण ती फट म्हणजे एक वचन असते. आज यंत्रात जे नाही ते उद्या तुम्ही आपल्या ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे घालू शकाल, असे ते वचन. प्रश्न असा की, हे वचन कोण देतो आणि तो ते मोडू शकतो का?

दोन उदाहरणे घेऊ. पायलटचे जनक जेफ हॉकिन्स आणि त्यांचे सहकारी १९९८ साली जुनी कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी हँडस्प्रिंग नावाची नवी कंपनी काढली. १९९९ साली तिचा व्हायझर नावाचा हातसंगणक आला. त्याच्या पाठीला स्प्रिंगबोर्ड नावाची ऐसपैस खाच होती. तीत साठ्याची जोडणी बसे, मोडेम बसे, कॅमेरा बसे. २००० साली तर आख्खा टेलिफोनच तीत बसवता येऊ लागला. जोडणी आपल्याबरोबर आपली आज्ञावलीही घेऊन येई. आत सरकवली की चालू, काढली की गेली. योजना मोठी देखणी होती. परंतु ती खाच एकाच कंपनीची होती. कंपनीचे लक्ष पुढे फोनच्या धंद्याकडे गेले, २००३ साली ती पाम कंपनीत विलीन झाली आणि त्या खाचेचा वंश खुंटला. लोकांनी पदरमोड करून घेतलेल्या जोडण्या दुसऱ्या कोणत्याच यंत्राला बसेनात.

दुसरे उदाहरण एसडी कार्डाचे. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा ह्या तीन कंपन्यांनी ते मिळून जाहीर केले आणि २००० साली त्यासाठी संघ स्थापन झाला. कार्डाची लांबी, रुंदी, जाडी, कोणत्या टोकातून वीज आणि कोणत्या टोकातून अक्षरे, सर्व लेखी ठरले. एक कारखाना बुडाला तरी दुसऱ्याचे कार्ड बसते. त्या कार्डाचा आकार आजही तोच आहे. २००५ साली संघात आलेले नखाएवढे मायक्रोएसडीही खोळीत घालून त्याच खाचेत बसवता येते. ह्यालाही एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. आकार एक असला तरी जुन्या यंत्राला मोठे कार्ड वाचता येईलच असे नाही. २००६ साली ३२ गिगाबाइटपर्यंतचा आणि २००९ साली २ टेराबाइटपर्यंतचा, असे नवे प्रकार निघाले. ते त्याआधीच्या यंत्रांना ओळखता येत नाहीत. म्हणून कार्ड घेण्यापूर्वी यंत्राचे माहितीपत्रक वाचावे.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर स्प्रिंगबोर्ड ही सवलत होती, एसडी हा करार होता. मालक दिलदार म्हणून दुपारचा चहा फुकट मिळतो, ती सवलत. मालक बदलला की चहा बंद. तोच चहा लेखी करारात आला की तो हक्क झाला; मग मालकाच्या स्वभावाची चौकशी करावी लागत नाही. यंत्रांच्या दुनियेतही हाच कायदा चालतो.

बिनतारी संपर्काची कथा ह्याहून बोधप्रद आहे. हवेतल्या लहरी ही कोणाची खाजगी मिळकत नव्हे; त्या सरकारी परवान्याने वाटल्या जातात. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुले केले. त्या मोकळ्या गायरानातच वाय-फाय वाढले. १९९७ साली त्याचे पहिले मानक ठरले. वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ साली तो ११ मेगाबिटवर गेला. आपल्याकडे २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा उपकरणांसाठी परवानामुक्त केला. हे गायरान खुले नसते तर वाय-फायच्या प्रत्येक कार्डामागे एक परवाना आणि एक खेटा ठरलेला होता.

ज्या हातसंगणकात वाय-फाय नव्हते, त्याला ते ह्याच खाचेतून मिळाले. आयपॅकला बाहेरून एक खोळ चढवायची आणि तीत कार्ड बसवायचे. बिनतारी कार्ड वीज फार खाई, म्हणून मोठ्या कार्डांच्या खोळीत वेगळी बॅटरीच घातलेली असे. पण खाच एकच असली की पेच पडे. पामच्या २००३ सालच्या टंग्स्टन टी-३ मध्ये जवळच्या उपकरणांशी बोलणारे ब्लूटूथ आत होते. वाय-फाय हवे तर मात्र साठ्याचे कार्ड काढून त्याच खाचेत वाय-फायचे कार्ड घालावे लागे. साठा हवा की संपर्क, एक काहीतरी निवडा! उलट, शार्प कंपनीच्या २००२ सालच्या झॉरस यंत्राला दोन खाचा होत्या : एकीत साठा, दुसरीत संपर्क. किती खाचा ठेवायच्या हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. पण वापरणाऱ्याच्या दिवसभराच्या कामाचा विचार कोणी केला आणि कोणी नाही, हे त्यावरून कळते.

आपल्या देशातही ह्या विचाराला एक सुंदर फळ आले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि तेथील काही अभियंते ह्यांनी सिम्प्युटर नावाचा हातसंगणक रचला. त्यातली खाच स्मार्ट कार्डासाठी होती. कल्पना अशी की, गावात यंत्र एकच असावे, पण प्रत्येकाचे कार्ड वेगळे. आपले कार्ड घालावे, आपले काम करावे, कार्ड घेऊन घरी जावे. ज्याला यंत्र परवडत नाही त्यालाही त्यात स्वतःचा कप्पा मिळावा. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो बाजारात आला. पण अपेक्षेइतका खपला नाही. कल्पना मात्र हरली असे आम्ही मानत नाही.

आता महाराष्ट्रातली गोष्ट. २०२१ सालच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ ही प्रणाली आणली, आणि ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्यांचे गाऱ्हाणे नेमके होते. मोबाइलची रॅम २ गिगाबाइट. तीवर ही प्रणाली धड चालत नाही, यंत्र तापते, अडते, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. त्या वेळी काही सुशिक्षित मंडळी म्हणाली, “एक मोठे मेमरी कार्ड घाला, झाले!” आमची चाळीतली खोली आठवा. माळा वाढवून जमीन वाढत नाही. कार्डाने फोटो मावतील. पण प्रणाली चालते ती रॅमवर, आणि ती यंत्राला जन्मतःच मिळालेली असते. खरेदीच्या वेळी त्या बायकांना कोणी विचारले असते, की बाई, दिवसाला किती घरे, किती नोंदी, गावात रेंज असते का, तर हा घोटाळा यंत्र घेण्यापूर्वीच ध्यानात आला असता. न चालणाऱ्या यंत्राचा दोष शेवटी चालवणाऱ्याच्या माथी मारला जातो. कामाच्या नोंदी अपुऱ्या दिसतात, आणि जाब सेविकेला द्यावा लागतो.

इकडे खाचाही बुजू लागल्या आहेत. २००७ साली पहिला आयफोन आला तो खाचेविना. ४ गिगाबाइट की ८, हे दुकानातच ठरवायचे. पुढे वाढ नाही. सॅमसंगने आपल्या भारी फोनांतली खाच २०१५ साली काढली, २०१६ साली परत दिली आणि २०२१ साली पुन्हा काढली. कंपन्या म्हणतात, आतली स्मृती अधिक वेगवान असते, फट नसली की पाणी शिरत नाही. ह्यात काही तथ्य आहे. परंतु २०१६ सालच्या त्या फोनात खाचही होती आणि पाण्यापासून बचावही होता. माळा बांधायची बंदी केली की मोठी खोलीच घ्यावी लागते. आणि मोठ्या खोलीची पागडी कोण ठरवतो, हे सांगायला नको.

तेव्हा करायचे काय? यंत्रावर बहिष्कार घालण्याचे आम्ही सांगणार नाही. आमचे म्हणणे तीन कलमांत येते. पहिले, घरचे असो वा कचेरीचे, यंत्र घेताना रॅम किती, साठा किती, तो वाढतो का आणि बॅटरी बदलता येते का, हे चार प्रश्न विचारावेत. दुसरे, जेथे मालक किंवा सरकार कामासाठी यंत्र देते, तेथे ते निवडताना चालवणाऱ्यांचे प्रतिनिधी समितीवर असावेत. पगाराइतकेच हेही मागणीपत्रात यावे. तिसरे, दुरुस्तीचा आणि वाढवण्याचा अधिकार कायद्यात यावा. युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला आहे. त्यानुसार २०२७ सालापासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला बदलता येईल अशी असावी लागेल. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि माहितीसाठी संकेतस्थळ उघडले. ही सुरुवात चांगली आहे. पण माहिती मिळणे वेगळे आणि हक्क मिळणे वेगळे.

एका नखाएवढ्या फटीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. आठ तासांचा दिवसही कागदावर एका ओळीचाच असतो. ती ओळ करारात यावी म्हणून माणसे किती वर्षे झगडली, हे ह्या सभागृहात कोणाला माहीत नाही? खाच लहान आहे. पण ती उघडी ठेवायची की बुजवायची, हे ठरवण्यात आपलाही हात असला पाहिजे.