नकाशावरचा लाल ठिपका

आमचा सर्वेक्षणाचा तळ गावाबाहेर पडला, की दोन दिवसांत कुणीतरी विचारतेच, "साहेब, सोनं लागलं का?"

मंडळी, आमचे यंत्र सोने सांगत नाही, तांबेही सांगत नाही. गुरुत्वमापक एवढेच दाखवतो, की इथली ओढ आजूबाजूपेक्षा किंचित जास्त आहे. म्हणजे खाली कुठेतरी जड खडक असावा. या फरकाला आम्ही विसंगती म्हणतो. नकाशावर ती लाल ठिपका होऊन उमटते. मात्र, उथळ छोटा खडक आणि खोलवरचा मोठा खडक जवळपास सारखेच आकडे देऊ शकतात. विद्युत मोजणीत ग्राफाइट फसवतो. तांब्याच्या सल्फाइडसारखीच त्यातूनही वीज सहज वाहते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे काही थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थिजले. त्यामुळे खडक चुंबकीय असूनही वर मोजणी कमी येते!

अर्थ लावण्याचे काम किती बेभरवशाचे, याचे नामी उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. 'वेस्टर्न मायनिंग' कंपनीच्या भूवैज्ञानिकांचा तर्क होता, की बेसाल्टमधून सुटलेले तांबे शेजारच्या गाळाच्या खडकांत साठले असेल. म्हणून ते खोलवरचा बेसाल्ट शोधत होते. एके ठिकाणी गुरुत्व आणि चुंबकत्व दोन्ही वाढलेले दिसले. तिथेच १९७५ साली, गुरांच्या एका तळ्याजवळ, पहिली बोअर घेतली. (तळे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास खोदलेले, म्हणून नाव 'ऑलिंपिक डॅम'.) सुमारे ३५० मीटर निव्वळ वांझ खडक गेला आणि मग तांबे लागले, ३८ मीटर जाडीत साधारण एक टक्का. पण ते अपेक्षेप्रमाणे गाळाच्या खडकांत नव्हते. गुरुत्व वाढले होते ते भंगलेल्या ग्रॅनाइटमध्ये भरलेल्या हेमटाइटमुळे. तर्क चुकला, जागा मात्र बरोबर निघाली.

तरीही नंतरच्या बहुतेक बोअर निराशाजनक होत्या. खर्च वाढत होता. तिथे थांबले असते तर कुणी दोष दिला नसता. दहाव्या बोअरला १७० मीटर जाडीत दोन टक्क्यांहून अधिक तांबे मिळाले. जोडीला युरेनियम, सोने आणि चांदीही.

ही हकीकत सांगितली जाते, कारण ती यशाची आहे. मी पाहिलेल्या बहुतेक लाल ठिपक्यांखाली साधा जड खडकच निघाला. त्यांचे दगडी गाभे पेट्यांत क्रमांक टाकून ठेवलेले आहेत. नवी मोजणी हाती आली, की आम्ही ते पुन्हा काढून बघतो.