जुना संगणक : सुधारणा की नवी खरेदी?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात मध्यमवर्गीय घरामध्ये संगणक येतो, तो बहुधा दिवाळीच्या बोनसमधून किंवा मासिक हप्त्यांवर. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या यंत्रावर मुलगा खेळही खेळणार, हे घरच्यांना ठाऊक असते. त्यासाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा जादा खर्च वडिलांनी काहीशा नाखुशीनेच मान्य केलेला असतो. सात-आठ वर्षे उलटतात. नवे खेळ अडखळू लागतात. मुलगा म्हणतो, "बाबा, आता नवाच घ्यायला हवा." वडील म्हणतात, "अरे, चालतोय ना अजून?"

या दोन वाक्यांत कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीचा प्रश्न दडलेला असतो. मुलाचे म्हणणे हौसेपोटी आहे आणि वडिलांचे काटकसरीपोटी, असे समजून विषय सोडून देणे योग्य नव्हे. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकते. ते यंत्राच्या वयावरून ठरत नाही. यंत्राच्या पोटात पुढची वाट शिल्लक आहे की नाही, यावरून ठरते.

प्रथम निदान, मग औषध

संगणक मंद झाला म्हणजे नेमके काय झाले, हे पाहणे ही पहिली पायरी होय. आपल्याकडील धूळ आणि खाडीकाठची दमट हवा पंख्यांत व जाळ्यांत साचते. यंत्र तापते आणि तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करतो. अशा यंत्राला पुष्कळदा नव्या भागांची नव्हे, तर सफाईची आणि प्रोसेसरवरील वाळलेला लेप बदलण्याची गरज असते. हा खर्च अगदी अल्प असतो.

सफाईनंतरही अडचण राहिली, तर खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड अपुरे पडते आहे. उलट असेल, तर दोष प्रोसेसरकडे जातो. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर खेळ मध्येच गचके खातो. आणखी एक सोपी कसोटी आहे. पडद्याचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. चित्र लगेच सुरळीत धावू लागले, तर अडचण कार्डाची. फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसरची.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवताच संगणक सुरू होण्यातील आणि खेळ उघडण्यातील वेळ लक्षणीय कमी होतो. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफील्ड' या खेळाने तर किमान आवश्यकतांतच एसएसडीचा समावेश केला.

एकाच वर्षाची दोन यंत्रे

आता उदाहरणादाखल दोन घरे घेऊ. एक डोंबिवलीतील, एक कल्याणमधील. दोन्ही घरांत २०१७ साली जवळपास सारख्याच किमतीत संगणक आला. डोंबिवलीच्या घरात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. कल्याणच्या घरात एएमडीचा पहिल्या पिढीचा रायझन. आज दोन्ही यंत्रे सारखीच दमलेली दिसतात. त्यांचे भवितव्य मात्र सारखे नाही.

इंटेलने आठव्या पिढीचा प्रोसेसर आणला, तेव्हा त्याच्या टोकांची संख्या पूर्वीइतकीच, म्हणजे ११५१ होती. तरीही तो जुन्या मदरबोर्डांवर चालत नाही. त्यामुळे डोंबिवलीच्या घराला त्याच बोर्डावर फार तर सातव्याच पिढीतील वरच्या दर्जाचा प्रोसेसर बसवता येईल. तोही बाजारात जुनाच मिळणार, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्याला स्थान नाही. त्यावर पैसे घालणे म्हणजे पाडायला निघालेल्या घराला रंग देणे होय.

एएमडीने मात्र एएम-४ हे बैठकीचे स्वरूप दीर्घकाळ कायम ठेवले. २०२२ मध्ये या कंपनीने २०१७ च्या बोर्डांनाही रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर वापरण्याची मुभा दिली. बोर्डाच्या उत्पादकाने त्यासाठीचे नवे बायॉस उपलब्ध केले असेल, तर कल्याणच्या घराला केवळ प्रोसेसर बदलून, तीच रॅम आणि तोच बोर्ड ठेवून, यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढवता येते. येथे वडिलांचे म्हणणे खरे ठरते, डोंबिवलीत मुलाचे.

मात्र डोंबिवलीच्या घरानेही सारे काही टाकून देण्याचे कारण नाही. पेटी, पडदा, कळफलक, एसएसडी आणि पुरेशा क्षमतेचा वीजपुरवठा संच नव्या यंत्रात चालू शकतो. डीडीआर-४ रॅम स्वीकारणारा बोर्ड निवडल्यास जुनी रॅमही वाया जात नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने स्मृतिचिपांच्या किमती जगभर चढल्या, हे लक्षात घेता हाती असलेल्या रॅमचे मोल कमी लेखू नये.

यातून एक साधा नियम निघतो. ज्या भागाला पुढच्या यंत्रातही घर मिळेल, त्यावर खर्च करावा; जो भाग जुन्या बोर्डाबरोबरच संपणार आहे, त्यावर करू नये. आणि सुधारणेचा एकूण खर्च तितक्याच ताकदीच्या नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर हात आखडावा.

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भाग स्वस्त मिळतात म्हणून पुष्कळ मंडळी लोकलने तेथवर जातात. जाताना बोर्डाचे नाव आणि वीजपुरवठ्याची क्षमता टिपून न्यावी. पावती आणि हमीपत्र घेतल्यावाचून परतू नये.

सुरक्षिततेची मुदत

निर्णयाला आणखी एक बाजू आहे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती मिळत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. 'व्हॅलोरंट'सारखा लोकप्रिय खेळही विंडोज ११ वर तिच्यावाचून चालत नाही.

हा विचार शाळा आणि ग्रामपंचायत यांनाही तितकाच लागू पडतो. कल्याण, मुरबाड वा शहापूर तालुक्यातील एखाद्या शाळेत दहा संगणक मंद झाले, म्हणून दहाही नवे मागण्यापूर्वी प्रत्येकाचे निदान व्हावे. काहींना एसएसडी आणि थोडी अधिक रॅम पुरेल. विंडोज ११ न स्वीकारणाऱ्या यंत्रांवर सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस'सारखी लिनक्स प्रणाली वापरता येईल. खेळाला अपुरे पडणारे यंत्र अभ्यासाला बहुधा पुरेसे असते. डोंबिवलीच्या घरातून निघालेला बोर्ड आणि प्रोसेसर धाकट्या बहिणीच्या टंकलेखनाला किंवा शाळेच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडू शकतो.

जे उरले त्याचे काय?

ज्याचा कोणालाच उपयोग उरला नाही, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणे, आम्लात बोर्ड बुडवून सोने काढणे, या उद्योगांत विषारी धूर आणि शिसे माणसांच्या अंगात, जमिनीत व पाण्यात उतरते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली असून पुनर्वापरकर्त्यांना नोंदणी आवश्यक केली आहे. यंत्र अशा नोंदणीकृत हातीच द्यावे. आणि देण्यापूर्वी डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी, कारण केवळ 'डिलीट' केल्याने ती नाहीशी होत नाही.

मित्रहो, बाप-लेकाच्या त्या संवादात हार-जीत शोधण्यापेक्षा दोघांनी मिळून एका संध्याकाळी पेटी उघडावी, धूळ झटकावी, बोर्डावरचे नाव वाचावे. मुलाला हिशेब कळेल, वडिलांना यंत्र कळेल. आणि घरची बचत नेमकी जेथे खर्चायला हवी, तेथेच खर्च होईल.