उघडे कार्ड आणि बंद पाकीट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपले वाडवडील खुशालीचे वर्तमान कार्डावर लिहीत. परंतु सोयरिकीची बोलणी, पैशाचे व्यवहार आणि घरातील दुखणीबाणी बंद पाकिटातूनच कळवीत. त्यात लबाडी नव्हती, मर्यादा होती. संगणकावरील व्यवहारात ती मर्यादा आपण पाळतो काय?

संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या 'एचटीटीपी' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर आपण वाचतो व लिहितो ते सारे वाटेतील यंत्रांना उघड्या कार्डाप्रमाणे वाचता येते. इतकेच नव्हे, बदलताही येते. शेवटी 'एस' हे अक्षर जोडलेले असले, म्हणजे आपले यंत्र व ते संकेतस्थळ परस्परांत गुप्त किल्ली ठरवितात आणि मजकूर कुलूपबंद होतो. आपण कोणत्या ग्रंथालयात गेलो, हे वाटेतल्याला बहुधा कळते. कोणते पुस्तक उघडले, ते कळत नाही.

याचे महत्त्व रशियात दिसून आले. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेने जून 2015 मध्ये आपली सर्व वाहतूक कुलूपबंद करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाच्या नियामक खात्याने रशियन विकिपीडियावरील चरसविषयक लेखास हरकत घेतली. पूर्वी तेवढे एकच पान झाकता आले असते. आता वाटेत पान ओळखताच येईना. म्हणून संपूर्ण ज्ञानकोशावरच बंदीची आज्ञा निघाली, आणि ती एका दिवसात मागे घ्यावी लागली.

कुलूप सर्वशक्तिमान मात्र नव्हे. तुर्कस्तानने एप्रिल 2017 मध्ये सबंध विकिपीडिया बंद केला. तो तेथील संविधान न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी 2020 मध्ये खुला झाला. सारांश, कुलूप चोरटी काटछाट रोखते. उघड बंदीशी मात्र कायद्यानेच झगडावे लागते. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे, याचीही हमी कुलूप देत नाही.

आता घरचे पाहू. आपल्या मंडळाचा वधूवर-नोंदणीचा अर्ज अद्याप उघड्या कार्डावरच जातो. मुलामुलींची जन्मवेळ, पत्ता व प्राप्ती आपण विश्वासाने त्यात लिहितो. 'लेट्स एन्क्रिप्ट' हा ना-नफा उपक्रम 2015 पासून असे कुलूप विनामूल्य देत आहे. तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. कार्यकारी मंडळाने पुढील सभेपूर्वी ही उणीव दूर करावी, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.