आकड्यांची जाळी आणि एक आरोपपत्र



गेटसभेत बोलण्याची आम्हांला सवय आहे. या व्यासपीठावर उभे राहण्याची नाही. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते लेथवर, संघटनेच्या कचेरीत आणि रात्री घरच्या दिव्याखाली. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा ‘जाळ्यांचे रूपांतर’ असे आम्ही कळवले. त्यांना वाटले, हे गृहस्थ आता मच्छीमारांत काम करू लागले! तसे नाही. आमची जाळी आकड्यांची आहे आणि तिच्यापायी आमच्या एका सभासदाची बावीस वर्षांची नोकरी जाऊ घातली होती.

हकीगत २०१८ सालची आहे. एका ओतीव कामाच्या कारखान्यात पंपाचे जुने कवच पुन्हा बनवायचे होते. गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वळत जाणारे ते कवच. मूळ नकाशे हरवलेले. हाती होता तो एकच झिजलेला नमुना. तो एका प्रयोगशाळेत गेला. तेथे माणसाच्या डोक्याचा काढतात तसा त्याचा सीटी स्कॅन झाला, त्यावरून संगणकात आकृती तयार झाली आणि ती फाइल कारखान्याच्या डिझाइन खात्यात आली. तेथे ती दुसऱ्या तऱ्हेच्या फाइलीत घालून पॅटर्न शॉपला दिली. आमच्या सभासदाने सीएनसी यंत्रावर त्या फाइलीबरहुकूम पॅटर्न कापला, पॅटर्नवरून साचे झाले आणि छत्तीस कवचे ओतली गेली. जोडणीच्या वेळी कळले की शंख उलट्या दिशेने वळला आहे. छत्तीसच्या छत्तीस भंगारात! आरोपपत्र निघाले ते यंत्र चालवणाऱ्यावर : ‘कामात अक्षम्य हयगय’. चौकशी होईपर्यंत निलंबन.

तो माणूस आम्हांला एवढेच म्हणाला, ‘‘दादा, मला जे दिलं ते मी कापलं.’’ हे वाक्य सिद्ध करायचे तर फाइलीच्या पोटात शिरणे भाग होते. चौकशीत आरोपाचा आधार असलेली कागदपत्रे मागण्याचा कामगाराला हक्क असतो. आम्ही दोन्ही फाइली मागितल्या. एका पेन ड्राइव्हवर त्या आल्या आणि आमची नवी शाळा सुरू झाली.

प्रथम जाळी म्हणजे काय ते सांगतो. संगणकाला गोलाई कळत नाही, त्रिकोण कळतो. कोणत्याही वस्तूचा पृष्ठभाग तो लहान लहान सपाट त्रिकोणांनी मढवतो. सीटी स्कॅनमधून ही जाळी विणण्याची प्रसिद्ध रीत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन या दोघांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. स्कॅन झालेली जागा बारीक चौकोनी खोल्यांत वाटायची. प्रत्येक खोलीला आठ कोपरे. प्रत्येक कोपरा धातूच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न विचारायचा. उत्तरांचे प्रकार होतात २५६. परंतु फिरवून आणि उलटवून पाहिले तर ते मोजक्या नमुन्यांवर येतात. नमुन्याप्रमाणे खोलीत त्रिकोण बसवायचे आणि पुढच्या खोलीत जायचे. गवंडी ज्या शिस्तीने वीट लावतो त्याच शिस्तीचे हे काम.

आता ही जाळी कागदावर लिहायची कशी? आम्हांला ते हजेरीपटावरून समजले. एका वहीत बिंदूंची यादी असते. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे : किती आडवा, किती खोल, किती उंच. दुसऱ्या वहीत टोळ्या असतात, म्हणजे कोणत्या तीन क्रमांकांचा मिळून एक त्रिकोण होतो ते. शास्त्रज्ञांची व्हीटीके ही रीत १९९३ च्या सुमारास एका पाठ्यपुस्तकाच्या सोबतीने सुरू झाली आणि तिच्या जनकांत हेच लॉरेन्सन आहेत. तिच्यात दोन्ही वह्या असतात आणि शिवाय प्रत्येक बिंदूवर तापमान, दाब, जाडी असे हवे ते मोजमाप लिहिता येते. चित्रपटाची आणि खेळांची चित्रे करणाऱ्यांत चालते ती ओबीजे. तीही दोन वह्यांचीच, पण तिच्यात रंग आणि पोत यांची सोय. दाबाला आणि तापमानाला तेथे जागा ठेवलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली पीएलवाय आम्हांला सर्वांत सालस वाटली. आत काय काय लिहिले आहे ते ती पहिल्या काही ओळींत स्वतःच सांगते.

आणि कारखान्यात चालते ती एसटीएल. थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या त्रिमिती छपाईच्या यंत्रासाठी ती १९८७ साली निघाली. हिच्यात हजेरीपटच नाही! प्रत्येक टोळीच्या चिठ्ठीवर तिघांचे नावगाव पुन्हा संपूर्ण लिहायचे. बंद पृष्ठभागात एक बिंदू सरासरी सहा त्रिकोणांत येतो, म्हणजे तेच तीन आकडे सहा ठिकाणी. तिच्या आखीव रूपात आरंभी ८० बाइटांचे शीर्षक, नंतर त्रिकोणांच्या संख्येला ४ बाइट आणि मग दर त्रिकोणाला ५० बाइट. दहा लाख त्रिकोणांची फाइल पाच कोटी बाइटांवर ८४. शेजारचे त्रिकोण एकमेकांना ओळखत नाहीत. फाइल वाचणाऱ्याने ‘हे दोन बिंदू एकच असावेत’ असे ताडून शिवण घालायची. मोजमापाचे एककही नाही. पंचवीस लिहिले तर ते मिलिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही. चूक झाली तर वस्तू २५.४ पट लहान किंवा मोठी होते. ही चूक मात्र आमच्या मते गरीब आहे, कारण ती लगेच दिसते.

न दिसणाऱ्या चुका निराळ्या. एसटीएलच्या आखीव रूपात दर आकड्याला सुमारे सातच अंकांची जागा असते. आपल्याकडे किल्ल्याची किंवा डोंगराची मोजणी नकाशाच्या मीटरांत केली, तर पुण्याच्या पट्ट्यात विषुववृत्तापासूनचे अंतर वीस लाख मीटरांच्या पुढे जाते. एवढा आकडा त्या जागेत घातला की शेजारच्या दोन शक्य किमतींत साडेबारा सेंटिमीटरांचे अंतर पडते. तटाच्या चिऱ्यांतल्या फटी आपोआप बुजतात! उपाय सोपा आहे. आधी आरंभबिंदू किल्ल्याच्या पायथ्याशी आणावा आणि तसे केल्याचे लिहून ठेवावे. पण हे रूपांतर करणाऱ्याला सुचले पाहिजे. बटण दाबणाऱ्याला ते सुचत नाही.

आता आमच्या शंखाकडे वळू. शास्त्रज्ञांच्या जगात बहुधा तिसरा आकडा उंचीचा असतो. चित्रकामाच्या बऱ्याच प्रणालींत दुसरा. एका जगातून दुसऱ्यात जाताना वस्तू आडवी पडू नये म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांची अदलाबदल करतात. येथेच खड्डा आहे. नुसती अदलाबदल केली तर वस्तू वळत नाही, आरशातली होते. वळवायची असेल तर अदलाबदलीबरोबर त्यांतील एका आकड्याचे चिन्हही बदलावे लागते.

आरशातली होणे म्हणजे काय, हे चौकशी अधिकाऱ्यांना समजावताना आमची पुरेवाट झाली. ते म्हणाले, ‘‘पॅटर्नवरून साचा होतो, साच्यात सगळे उलटेच व्हायचे.’’ आम्ही म्हणालो, ‘‘साहेब, गणपतीचा विचार करा.’’ पेणच्या मूर्तिकाराने डाव्या सोंडेच्या मूर्तीवरून साचा काढला, तर साच्यातून मूर्ती पुन्हा डाव्या सोंडेचीच निघते. साच्याची पोकळी म्हणजे मूर्तीचे बाहेरचे अंग. ती डावे-उजवे करत नाही. मात्र आरशातल्या गणपतीवरून साचा काढला तर उजव्या सोंडेचा गणपती हाती येतो. मग त्याला कितीही फिरवा, पालथा घाला, सोंड काही डावीकडे जाणार नाही. सोवळेओवळे पाळावे लागेल म्हणून यजमान हबकेल तो वेगळाच! साहेब हसले आणि मुद्दा त्यांच्या गळी उतरला.

पण पुरावा? दोन्ही फाइली साध्या मजकुराच्या रूपात उघडल्या. एसटीएल आखीव रूपात होती; ती इटलीतील पिसा येथे तयार झालेल्या मेशलॅब या फुकट मिळणाऱ्या प्रणालीने अक्षरी रूपात आणली. व्हीटीके फाइलीत पहिली टोळी पाहिली, तिच्या तीन क्रमांकांचे बिंदू यादीत शोधले आणि एसटीएलच्या पहिल्या त्रिकोणाशी ताडले. काही जुळेना. पहिला आकडासुद्धा जुळेना. पहाटे दोनपर्यंत बसलो आणि निजलो ते खटला हरल्यासारखे. सकाळी चहा पिताना उलगडा झाला. ओबीजेत बिंदूंची मोजणी एकपासून असते. व्हीटीकेत आणि पीएलवायमध्ये शून्यापासून. आम्ही जन्मभर हजेरीपट एकपासून मोजलेला! एक घर पुढे सरकलो आणि पहिला आकडा तंतोतंत जुळला. दुसरा आणि तिसरा अदलाबदल झालेले. चिन्ह मात्र कुठेच बदललेले नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. त्रिकोणाची तीन टोके लिहिण्याच्या क्रमाला अर्थ असतो. बाहेरून पाहता ती घड्याळाच्या उलट दिशेने यावीत, म्हणजे वस्तूचे बाहेरचे अंग कोणते ते कळते. आकृती आरशातली झाली की हा क्रमही उलटतो आणि यंत्राला वाटते की सगळा पृष्ठभाग आतून बाहेर आला आहे. म्हणजे चूक स्वतःच ओरडत होती. परंतु एसटीएलमध्ये दर त्रिकोणाची दुसरी आणि तिसरी टोके जागा बदलून बसलेली आढळली. कोणीतरी ती ओरड ऐकली होती आणि दुरुस्तीचे बटण दाबून तिचे तोंड बंद केले होते. त्यानंतरची फाइल निर्दोष, नीटनेटकी, आणि उलटी! आमच्या सभासदाच्या यंत्रापर्यंत ती पोहोचली तेव्हा तिच्यात विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. पडताळायला नमुना म्हणावा, तर तो अजून प्रयोगशाळेत होता.

दहा त्रिकोणांचे आकडे आम्ही हाताने कागदावर मांडून दिले. आरोपपत्र मागे घेतले गेले, निलंबनाच्या अकरा दिवसांचा पगार मिळाला. आमच्या लोकांनी पेढे वाटले.

यापुढचे सांगायला आम्हांला जड जाते, पण सांगितले पाहिजे. ते बटण दाबणारा डिझाइन खात्यातला मुलगा पंचवीसेक वर्षांचा होता आणि ठेकेदारामार्फत घेतलेला. तो आमचा सभासद नव्हता. रूपांतराच्या चौकटीत ‘अक्ष बदला’ अशी एक खूण आधीपासून टिचकवलेली असे. तिचा अर्थ त्याला कोणी शिकवला नव्हता आणि त्याने केलेले तपासायला कोणी नेमलेले नव्हते. आम्ही व्यवस्थापनाला सांगितले की दोष पद्धतीचा आहे. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या ठेक्याची मुदत संपली ती वाढली नाही. तो आम्हांला गेटावर भेटला होता. ‘‘तुमचा माणूस वाचला ना?’’ एवढेच तो बोलला. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ठेक्यावरच्या मुलांना सभासद करून घेण्याचा ठराव आम्ही त्या वर्षी मांडला. आमच्याच जुन्या लोकांनी तो एक वर्ष लांबवला. तोवर तो मुलगा गाव सोडून गेला होता.

मोठ्यांच्या घरीही हेच घडते. एअरबसच्या ए-३८० या प्रचंड विमानात पाचशे किलोमीटरांहून अधिक तारा असतात. हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील मंडळी एकाच आरेखन-प्रणालीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करीत होती. तारांच्या जुड्या जागेवर नीट बसेनात. २००६ साली विमानांचा पुरवठा पुन्हा लांबणीवर पडला आणि २००७ च्या फेब्रुवारीत दहा हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. तिला दुसरीही कारणे होती, हे खरे. पण आवृत्ती निवडणारे आणि तारा ओढणारे हात एकच नव्हते, हेही खरे.

आमच्या त्या कारखान्यात आता रूपांतर झालेल्या प्रत्येक फाइलीबरोबर एक चिठ्ठी जाते : एकक कोणते, उंचीचा अक्ष कोणता, त्रिकोण आधी किती आणि नंतर किती. आणि जाळीच्या एका कोपऱ्यात इंग्रजी एफ या अक्षराचा उठाव असतो. एफ हे अक्षर आरशात पाहिले तर वाचता येत नाही. पॅटर्न कापणाऱ्याने तो वाचावा आणि उलटा दिसला तर यंत्र थांबवावे. थांबवल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही, असे करारात घातले आहे. एफची कल्पना आमची नव्हे, आमच्या त्या सभासदाची. करारातले कलम मात्र आमचे, आणि उठावापेक्षा त्याला अधिक दिवस लागले.

त्या छत्तीसांपैकी एक कवच भंगारातून विकत घेऊन आम्ही कचेरीत ठेवले होते. आज ते आणि एक सुलटे कवच, अशी दोन्ही येथे टेबलावर मांडली आहेत. बरीच जड आहेत, उचलताना जपावे. व्याख्यानानंतर ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे.